‘ताई, चांगलं काही आलंय का?’ : ग्रंथनिवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
ग्रंथनिवड समित्यांचे सदस्य आणि ग्रंथपाल,
महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये

विषय : अलीकडच्या कथा-कादंबऱ्या आणि चित्रकादंबऱ्या वाचकांना सुचवण्याबाबत

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात, देवघेवीच्या टेबलावर मी २६ वर्षे बसले. एवढ्या काळात वाचकांनी मला सर्वांत जास्त वेळा जे विचारले त्यात कोणत्याही पुस्तकाचे नाव नसे. परत आणलेले पुस्तक टेबलावर ठेवून, पिशवी सावरत, माणसे एवढेच विचारीत, ‘ताई, चांगलं काही आलंय का?’ या साध्या प्रश्नाला आपल्या बहुतेक ग्रंथालयांकडे आज धड उत्तर नाही. ते असावे, आणि ते देणे हे आपण आपले नेमून दिलेले काम मानावे, एवढ्यासाठी हे पत्र मी आपणांस उघडपणे लिहीत आहे.

यात मी स्वतःला वगळत नाही. अनेक वर्षे मीही या प्रश्नावर हात करून कपाट दाखवीत असे, नाहीतर सासूबाईंना आवडलेले पुस्तक सुनेच्या हाती देत असे. ‘स्वामी’ १९६२ सालची, ‘मृत्युंजय’ १९६७ सालची. या कादंबऱ्यांच्या प्रती आजही इतक्या फिरतात, की त्या दर दोन-तीन वर्षांनी बांधणीला द्याव्या लागतात, आणि याचा मला आनंदच आहे. परंतु ज्या वाचकाने त्या तीनदा वाचल्या आहेत, त्याला चौथ्यांदा त्याच देऊन परत पाठवताना मी त्याच्यासाठी काहीही केलेले नसे.

हे मला नीट उमगले ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी, ग्रंथपडताळणीच्या वेळी. दाखल नोंदवहीतला क्रमांक आणि पुस्तकावरचा क्रमांक जुळवताना मी सहज म्हणून शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठीही पाहू लागले. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून आमच्या समितीने ती तत्परतेने घेतली होती. त्या प्रतीच्या चिठ्ठीवर दोन शिक्के होते, आणि त्यातला एक माझ्याच नावावरचा होता. ज्या जिल्ह्यात धरणामुळे उठलेल्या गावांच्या वसाहती आहेत, त्या जिल्ह्यात, धरणामुळे उठलेल्या माणसाची कादंबरी कपाटात उभी होती आणि ती माझ्याखेरीज एकाच वाचकाने नेली होती. वाचकांना ती नको होती असे मी म्हणणार नाही, कारण ती तिथे आहे हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

खरेदी कशी होते हे आपणही जाणता, म्हणून त्यावर थोडक्यात लिहिते. अनुदानाचा हप्ता बहुधा मार्चच्या तोंडावर हाती येतो, महिनाअखेरीस बिले लागली पाहिजेत, आणि त्या आठ-दहा दिवसांत विक्रेत्याने बांधून आणलेला गठ्ठा सवलतीचा आकडा पाहून घेतला जातो. गठ्ठ्यात चांगली पुस्तके नसतातच असे नाही, पण ती निवडून आलेली नसतात. पुढे त्यांवर शिक्के मारणे, क्रमांक टाकणे, लेबले चिकटवणे यात एप्रिल सरतो, आणि मे महिन्यात सुट्टीचे वाचक येतात तेव्हा आत काय आले आहे हे टेबलावरच्या माणसालाही माहीत नसते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे अनेक ग्रंथालयांच्या भिंतीवर लावलेली आहेत. त्यातले ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे दुसरे सूत्र आपण निदान भाषणात तरी म्हणतो. ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ हे तिसरे सूत्र मात्र आपल्या हातून सुटले आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या तिसऱ्या सूत्राविषयी आहे.

पडताळणी संपल्यावर मी एक वही केली. डाव्या पानावर पुस्तक, उजव्या पानावर ते कोणाला द्यावे असे मला वाटते तो वाचक; नाव नव्हे, त्याचे वाचन आणि त्याचा दिनक्रम. पहिली नोंद देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ची होती. तयार कपड्यांच्या लाटेत ज्याचा शिलाईचा धंदा उसवत जातो अशा शिंप्याची ही लहानशी कादंबरी आहे. तुळजापूरच्या या लेखकाने स्वतः शिवणकाम केलेले आहे, आणि २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळालेला आहे. आमच्या ग्रंथालयासमोर एका शिंप्याचे दुकान आहे. तो गृहस्थ रोज सकाळी मुक्तद्वार वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचायला येई, पण त्याने सभासदत्व कधी घेतले नव्हते. मी ती कादंबरी माझ्या खात्यावर काढून त्याच्या हाती दिली. चार दिवसांनी तो पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, ‘हा माणूस मशीनवर बसलेला आहे. ऐकून लिहिलेलं नाही हे.’ त्याने त्याच दिवशी अनामत भरली आणि विचारले, ‘असं अजून आहे का?’

असे अजून आहे, सदस्यहो, आणि हीच तर सांगण्यासारखी गोष्ट आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी कथा-कादंबरी जितक्या गावांतून, जितक्या धंद्यांतून आणि जितक्या बोलींतून आली आहे, तितकी पूर्वी क्वचितच आली असेल. ती आपल्या वाचकांच्या घरातूनच आलेली आहे, आणि तरीही ती त्यांच्या घरी परत जात नाही.

‘रिंगाण’चे उदाहरण पुढे नेते. धरणामुळे नव्या जागी वसवलेल्या लोकांपैकी एक माणूस, मागे राहिलेल्या आपल्या म्हशीसाठी, जुन्या गावाच्या रानात परत जातो. तोवर जनावर रानाचे झालेले असते आणि माणसाचेही बरेच काही बदललेले असते. ही कादंबरी देताना मी वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगू लागले, की सुरुवातीची वीसेक पाने मोठ्याने वाचा. पन्हाळ्याकडच्या बोलीचा ताल डोळ्यांना अडतो, पण कानाला अडत नाही. पुनर्वसन वसाहतीतल्या एका आजोबांना त्यांच्या नातीने ती रोज रात्री जेवणानंतर वाचून दाखवली. एका आठवड्याची मुदत असताना पुस्तक पाच आठवडे त्यांच्या घरी राहिले, आणि मी एक रुपयाही दंड आकारला नाही. हे नियमात बसत नाही याची मला जाणीव आहे. समितीने असे नियम सैल करण्याचा अधिकार टेबलावरच्या माणसाला द्यावा, असे मी सुचवीन.

वाचक ज्या पुस्तकापाशी आहे तिथूनच त्याला पुढे न्यावे लागते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा संपवून ‘आता काय?’ म्हणणारे वाचक प्रत्येक ग्रंथालयात आहेत. त्यांच्यापुढे हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाळ’ ठेवावी. भयाची वाट धरून ती एका मोठ्या घराच्या आणि घराण्याच्या आत शिरते. मात्र ती प्रौढांची कादंबरी आहे हे देतानाच सांगावे, म्हणजे पुढचा गैरसमज टळतो. ज्यांना राजे-सरदारांच्या इतिहासाची गोडी आहे आणि जाड पुस्तकाची धास्ती नाही, त्यांना रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ द्यावी. एका कुळाच्या अनेक पिढ्यांतून महाराष्ट्राचा इतिहास तिथे घरातल्या माणसांच्या बाजूने येतो, आणि २०१९ साली आलेली ही कादंबरी एका वाचकाचा अख्खा पावसाळा भरून काढते. अभियांत्रिकीच्या मुलांना मी नंदा खरे यांची ‘उद्या’ देत असे. यंत्रांची पाळत आणि बाजाराची सत्ता यांत अडकलेला, फार दूर नसलेला भविष्यकाळ त्यात आहे. या कादंबरीला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला, एवढे सांगितले तरी ती मुले कुतूहलाने पुस्तक उघडतात. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या मुलांना किरण गुरव यांचे ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ द्यावे. त्यातल्या दीर्घकथा लहानशा संकोचांच्या इतक्या जवळ जातात, की आपल्यालाही आपले पहिले वसतिगृह आठवते. बालाजी सुतार यांचे ‘दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी’ आणि आसाराम लोमटे यांचे ‘आलोक’ मी शेतीविषयी वर्तमानपत्रात सर्व काही वाचणाऱ्या, पण कथा ‘बायकांचं वाचन’ मानणाऱ्या पुरुष वाचकांसाठी राखून ठेवलेले असे.

कविता महाजन यांच्या ‘ब्र’ला आता वीस वर्षे झाली, म्हणजे ती ‘अलीकडची’ म्हणता येईल का असे कोणी विचारील. माझ्या टेबलावर तिचा वाचक अलीकडे तयार झाला, म्हणून ती मला अलीकडचीच वाटते. आमच्या शेजारच्या गावातल्या ग्रामपंचायतीच्या एक महिला सदस्य दर शनिवारी पाककृतींची पुस्तके नेत. पंचायतीत निवडून आलेल्या बायकांचे काय होते, ते सांगणारी कादंबरी आहे असे म्हणून मी त्यांना ‘ब्र’ दिली. त्यांनी ती परत आणली तेव्हा पुस्तकातल्या तीन ठिकाणी बसची तिकिटे खुणेला होती. ती पाने त्यांनी मला टेबलापाशी उभ्या उभ्या वाचून दाखवली आणि मागे लागलेली रांग थांबून ऐकत राहिली. त्यानंतर त्यांनी शिल्पा कांबळे यांची ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ नेली. पाककृतीही त्या अजून नेतात.

आता चित्रकादंबऱ्यांविषयी. तरुण वाचक त्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, आणि आपण बहुतेक जण ‘चित्रांची पुस्तके’ म्हणून बालविभागात पाठवतो. माझी चूक इथे मोठी होती, म्हणून ती सविस्तर सांगते. एका माजी विद्यार्थ्याने ग्रंथालयाला भेट दिलेल्या पुस्तकांत ‘भीमायन’ची इंग्रजी प्रत होती. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेले आणि श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी शब्द दिलेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचे हे पुस्तक नवयान प्रकाशनाने २०११ साली काढले. मी चित्रे पाहिली, बालविभागाचे लेबल लावले, आणि आतल्या एका चित्रावर ग्रंथालयाचा गोल जांभळा शिक्का मारला. दोन वर्षे ते पुस्तक रंगवण्याच्या वह्यांशेजारी पडून होते.

ते बाहेर काढले अकरावीतल्या एका मुलीने. लहान भावासाठी पुस्तक शोधताना ते तिच्या हाती लागले, आणि खाली फरशीवर बसून तिने ते तिथेच वाचून संपवले. २० मार्च जवळ आला होता, महाडच्या चवदार तळ्याच्या १९२७ सालच्या सत्याग्रहाचा दिवस. तिने विचारले, की त्या संध्याकाळी हे पुस्तक सगळ्यांना दाखवता येईल का. आम्ही वाचनकक्षात सतरंजी घातली. ती मध्ये बसली, पुस्तक उभे धरले, पान उलटले की इंग्रजी मजकूर मराठीत सांगे आणि चित्रावर बोट ठेवी. पंचवीस-तीस माणसे आली होती. त्यातली निम्मी एरवी फक्त वर्तमानपत्र वाचणारी.

पुस्तकात बाबासाहेबांच्या लहानपणच्या, १९०१ सालच्या प्रवासाची हकिगत आहे. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात, न्यायला कोणी आलेले नसते, जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, दुप्पट भाडे दिल्यावर बैलगाडी मिळते, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. ‘मसूर म्हणजे आपलं मसूर?’ असे मागून कोणीतरी म्हणाले. कराड तालुक्यातले मसूर, हो. त्या स्थानकावर शेकडो वेळा उतरलेली माणसे त्या खोलीत बसली होती.

मग तिने बोलण्याचे फुगे दाखवले, आणि मला पहिल्यांदा कळले की मी त्या पुस्तकात काय पाहिले नव्हते. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आहे. ज्या बोलण्यात जातीचे विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा काढलेला आहे. पाने चौकटींत कापलेली नाहीत. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, असे त्या चित्रकारांनी ठरवले होते, आणि गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या डिगणा नक्षीच्या पट्ट्या पानभर वळत जाऊन प्रसंगामागून प्रसंग वेगळे करतात. अक्षर न वाचता येणाऱ्या एका आजींनी पुढचे पान उलटायच्या आत सांगितले, की आता बोलणार तो वाईट बोलणार, कारण नांगी दिसते आहे. सदस्यहो, त्या आजी इंग्रजी पुस्तक वाचत होत्या.

हा प्रकार आपल्याकडे परका आहे असे कोणी म्हणू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची माणसे चित्रकथी सादर करतात. हाताने रंगवलेल्या चित्रांची पोथी समोर धरून, एकामागून एक चित्र दाखवत, रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आमच्या वाचनकक्षात त्या मुलीने जे केले ते याच जातीचे होते, फक्त हे तिला ठाऊक नव्हते. ठाकरांच्या बाहुल्यांच्या खेळाची हीच परंपरा प्रवीण दशरथ बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीच्या गाभ्याशी आहे, जिला २०२२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही कादंबरी आणि ‘भीमायन’ शेजारी शेजारी ठेवून पाहा. आमच्याकडे एक नेणारा दुसरेही नेऊ लागला.

‘भीमायन’नंतर कोणती घ्यावीत, असे आपण विचारलेत तर मी चार नावे सांगेन. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचे ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे महात्मा फुले यांच्या १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’वर उभे आहे, म्हणून ते मूळ ‘गुलामगिरी’सोबत द्यावे. ओरिजित सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ नर्मदेच्या धरणाविषयी आहे. १९९४ साली ते निघाले, पुढे अनेक वर्षे मिळेनासे झाले आणि २०२२ साली पुन्हा छापले गेले. ‘रिंगाण’ वाचलेल्या वाचकाला ते दाखवावेच. अमृता पाटील यांची ‘कारी’ २००८ सालची, मुंबईत राहणाऱ्या तरुणीची, दाट काळ्या रेषांची. ती महाविद्यालयीन मुलींना द्यावी, आणि त्यांनी ती नेली तर का नेली हे विचारू नये. आणि आर्ट स्पीगेलमन यांचे ‘माउस’, नाझी छळछावणीतून वाचलेल्या बापाची मुलाने काढलेली कहाणी, जिला १९९२ साली विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. चित्रांची पुस्तके म्हणजे मुलांची, असे म्हणणाऱ्या समिती सदस्याने हे एक पुस्तक एका रविवारी घरी न्यावे, एवढीच विनंती आहे.

मुलांच्या पुस्तकांबाबत मला काळजी कमी वाटते, कारण तिथे आपण थोडे जागे झालो आहोत. माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ ही पुस्तके अनेक बालविभागांत पोहोचली आहेत. जिथे नसतील तिथे घ्यावीत.

चित्रकादंबऱ्या घेताना काही गोष्टी पाळाव्या लागतात, आणि त्या मी नुकसान करून शिकले आहे. पुस्तक सैल झाले की आपण ते नेहमीच्या बांधणीवाल्याकडे देतो. तो कडा कापतो आणि आतून टाके घालतो. कादंबरीत त्याने फक्त समास कमी होतो, पण चित्रकादंबरीत दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध गिळले जाते आणि कडेचा मजकूर कापला जातो. ही पुस्तके बांधणीला देऊ नयेत. नवी असतानाच त्यांना पारदर्शक वेष्टन घालावे. शिक्का मारायचा तो मुखपृष्ठामागच्या कोऱ्या जागेत आणि गुप्त पानावर, म्हणजे ग्रंथालयाने आपल्या खुणेसाठी ठरवलेल्या आतल्या पानावर, तेही चित्र सोडून. दशांश वर्गीकरणात चित्रकथांना ७४१.५ हा क्रमांक आहे, म्हणून त्या चित्रकलेच्या पुस्तकांत जाऊन बसतात. क्रमांक राहू द्यावा, पण जागा मोठ्यांच्या कादंबऱ्यांशेजारी द्यावी.

किमतीचा आक्षेप खरा आहे. एका चित्रकादंबरीच्या किमतीत दोन-तीन कादंबऱ्या येतात, आणि ‘तासाभरात वाचून होते, मग एवढे पैसे कशाला?’ असे आमच्या समितीतही एका सदस्यांनी विचारले होते. तासाभरात वाचून होणारे पुस्तक आठवड्यात पाच जणांच्या हाती जाते, हे मला त्याच प्रतीच्या तारखांच्या चिठ्ठीवरून त्यांना दाखवता आले. दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. वर मी जी नावे सांगितली ती मुळात इंग्रजी पुस्तके आहेत. मराठीत लिहिलेल्या, मोठ्यांसाठीच्या चित्रकादंबऱ्या बोटांवर मोजाव्या लागतात. ज्या भाषेत १९९१ पासून ‘चिंटू’ची चित्रमालिका घराघरांत वाचली गेली, त्या भाषेत वाचक नाही म्हणून चित्रकादंबरी नाही, हे मला पटत नाही. प्रकाशक धजावत नाही, कारण रंगीत छपाईचा खर्च हजारभर प्रतींच्या आवृत्तीवर निघत नाही. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये ११ हजारांच्या आसपास आहेत. त्यांपैकी दहातल्या एका ग्रंथालयाने एक प्रत आधी नोंदवली, तरी एक आवृत्ती छापण्याआधीच संपलेली असते. हे सामर्थ्य आपल्या समित्यांच्या हाती आहे, आणि ते आजवर आपण सवलतीची टक्केवारी वाढवून घेण्यापलीकडे वापरलेले नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की ग्रंथखरेदीच्या रकमेतला निदान चौथा हिस्सा मार्चच्या गठ्ठ्यासाठी न ठेवता वर्षभर, महिन्याला थोडीथोडी पुस्तके निवडून घेण्यासाठी ठेवावा. निवडीच्या बैठकीला देवघेवीच्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याला बोलवावे, आणि त्याला नुसते चहा आणण्यासाठी न बोलावता वाचकांची मागणी वही घेऊन बसवावे. टेबलाजवळ एक लहान मांडणी असावी, जिच्यावर दहा-बारा नवी पुस्तके कणा न दाखवता मुखपृष्ठ दाखवत उभी राहतील, आणि प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी असेल : हे कोणाला आवडेल, आणि का. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आपण पुस्तकांचे प्रदर्शन मांडतोच. त्या दिवशी हार घातलेल्या तसबिरीसमोर भाषण ठेवण्याऐवजी एखादी चित्रकादंबरी सतरंजीवर उघडावी.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, पण कर्मचाऱ्याचा वेळ लागतो, आणि तो आज अपुऱ्या वेतनावर, एकट्याने, झाडण्यापासून जमाखर्चापर्यंत सर्व करतो आहे, हे मी विसरलेले नाही. त्याला वाचायला रोज एक तास कामाच्या वेळेतच मिळाला पाहिजे. ज्याने पुस्तक वाचलेले नाही तो ते सुचवू शकत नाही, आणि टेबलावर बसून वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘काम नाही का?’ असे विचारणारे पदाधिकारी मी पाहिले आहेत. तो वाचतो आहे तेव्हा तो कामच करतो आहे, असा ठराव एकदा कार्यकारी मंडळात करून घ्यावा, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

माझ्या वहीत आज १३० नोंदी आहेत. ज्या ग्रंथालयाला ती हवी असेल त्याला मी तिची झेरॉक्स टपालाने पाठवीन. उजवीकडचे पान मात्र प्रत्येकाने आपापल्या वाचकांकडे पाहून नव्याने भरावे, कारण आमच्या समोरचा शिंपी आपल्या गावी नसेल, तिथे कदाचित हातमाग असेल, मासळीबाजार असेल किंवा साखर कारखान्याची वसाहत असेल.

आपली विश्वासू,
देवघेव विभागातील एक निवृत्त ग्रंथालय सहायक